शोभेचा नांगर आणि खरा नांगर

जहाजाची प्रतिकृती पाहणारा माणूस आधी शिडे पाहतो, मग डोलकाठ्या, मग तोफा असल्या तर तोफा. नांगराकडे त्याचे लक्ष सर्वांत शेवटी जाते. प्रतिकृती करणाराही बहुधा नांगर सर्वांत शेवटीच करतो. रंग सुकला, दोर बांधून झाले, आता पुढच्या बाजूला काहीतरी टांगायचे म्हणून एक नांगर टांगला की काम संपले. माझे म्हणणे असे आहे की प्रतिकृतीची परीक्षा नांगरापासूनच सुरू करावी. ज्याला नांगर नीट करता आला त्याने जहाजाचा विचार केला आहे, आणि ज्याने नांगर नुसता टांगला त्याने जहाजाचे चित्र पाहिले आहे, एवढे खुशाल समजावे.

एका निवृत्त परिचारिकेने हा विषय का घ्यावा, असे काही वाचक म्हणतील. तीसहून अधिक वर्षे इस्पितळात काढल्यावर एक गोष्ट अंगवळणी पडते. कोणत्याही उपकरणाचे मोल ते काचेच्या कपाटात कसे दिसते यावर ठरत नाही. रोग्याला लावल्यावर ते काय करते यावर ठरते. नांगर हेही एक उपकरणच आहे. दुसरे कारण अधिक जवळचे आहे. आपल्या बेने इस्राएल समाजाची कथा नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या एका गलबतापासून सुरू होते. त्या गलबताच्या प्रतिकृती आपल्या समारंभांत मांडल्या जातात, मुलांना दाखवल्या जातात. त्यांच्यावरचा नांगर कोणता असावा, हा प्रश्न म्हणजे आपल्या घरचाच प्रश्न आहे. त्याकडे मी येणारच आहे. परंतु आधी नांगर म्हणजे काय ते पाहणे बरे.

मराठीत शेतातल्या नांगरालाही नांगर म्हणतात आणि समुद्रातल्यालाही. हिंदीत शेतातला तो हल आणि जहाजाचा तो लंगर. आपल्या कुलाबा जिल्ह्यातल्या माणसाने मात्र एकाच शब्दात दोन्ही बसवले, आणि त्यात मोठे शहाणपण आहे. नांगर आपल्या वजनाने जहाजाला धरून ठेवतो हा समज अर्धाच खरा आहे. वजनामुळे तो तळाशी जातो. धरून ठेवतो ते त्याच्या फाळामुळे, जो तळाच्या वाळूत किंवा चिखलात घुसतो. जितके ओढावे तितका तो खोल जातो. १९३३ साली जेफ्री टेलर या इंग्रज गणितज्ञाने लहान नौकांसाठी आणि पाण्यावर उतरणाऱ्या विमानांसाठी एक नवा नांगर काढला. त्याचा फाळ थेट शेतातल्या नांगरासारखा आहे, आणि इंग्रजीतही त्याला शेतीच्या नांगराचेच नाव पडले. आमच्या आजोबांना हे ऐकून हसू आले असते.

हिब्रूत नांगराला ‘ओगेन’ म्हणतात. मिश्नाच्या ‘बाबा बात्रा’ या भागाच्या पाचव्या अध्यायात, जहाज विकले म्हणजे त्याबरोबर काय काय विकले गेले असे मानावे, याची यादी आहे. तीत डोलकाठी आहे, शीड आहे आणि नांगरही आहेत. तलमूदात या शब्दाचा अर्थ लावताना रूथच्या पुस्तकातील एका क्रियापदाचा दाखला दिला आहे. नाओमी आपल्या विधवा सुनांना विचारते, अजून जन्मालाही न आलेल्या मुलांसाठी तुम्ही अडकून राहणार काय, तेथील ते क्रियापद. ज्या स्त्रीचा नवरा बेपत्ता झाला आहे किंवा तिला सोडचिठ्ठी देत नाही, तिला आपण ‘अगुना’ म्हणतो. तो शब्दही याच कुळातला. म्हणजे आपल्या जुन्या पंडितांच्या दृष्टीने नांगर हा जहाजाचा दागिना नव्हता. तो जहाजाचा अवयव होता, आणि त्याचे काम होते जखडून ठेवणे.

आता त्याची रचना. आपण सर्वांनी चित्रांत पाहिलेला जो लोखंडी नांगर, त्याचे भाग असे: मधला उभा दांडा, खाली दोन बाजूंना वळलेले दोन हात, हातांच्या टोकांना फावड्यासारखे दोन फाळ, वर दोर बांधण्यासाठी कडी, आणि कडीच्या जवळ दांड्यातून आडवी गेलेली काठी. या शेवटच्या भागाला मी आडकाठी म्हणेन. मराठीत आडकाठी करणे म्हणजे दुसऱ्याच्या कामात विघ्न आणणे. पण नांगरात ही आडकाठीच सारे काम साधून देते. ती दोन्ही हातांच्या रेषेत नसते, त्यांच्याशी काटकोनात असते. हात पूर्व-पश्चिम असले तर आडकाठी दक्षिण-उत्तर.

याचे कारण समजून घ्यावे. नांगर तळाला पडला की बहुधा त्याचे दोन्ही हात जमिनीवर आडवे पसरतात आणि आडकाठी उभी राहते, एक टोक मातीत, एक टोक वर. तशा स्थितीत फाळ काहीच धरत नाही. जहाज दोर ओढू लागले की लांब आडकाठी तोल जाऊन आडवी पडते. ती आडवी पडली की दांडा आपल्याभोवती फिरतो आणि हात उभे होतात, म्हणजे एक फाळ खाली जातो व जमिनीत रुततो. आडकाठी आखूड असली किंवा हातांच्याच पातळीत बसवली असली, तर नांगर तळावरून नुसता घसरत जाईल आणि जहाज खडकावर जाईल. ज्यांना खात्री करायची असेल त्यांनी परातीत ओल्या वाळूचा थर करून लहानसा नांगर दोऱ्याने ओढून पाहावा. नातवंडांना हा खेळ फार आवडतो.

माझा पहिला आक्षेप येथेच आहे. कागदावर नांगर काढताना चित्रकार आडकाठी आणि हात एकाच पातळीत काढतो. त्याला दुसरा उपाय नसतो. खरा काटकोन दाखवायचा तर समोरून पाहताना आडकाठीचे नुसते टोक दिसेल, आणि चित्र ओळखू येणार नाही. म्हणून तो सपाट नांगर बटणांवर गेला, टोप्यांवर गेला, खलाशांच्या दंडावर गोंदला गेला, शिक्क्यांवर बसला. चिन्ह म्हणून त्याला माझी हरकत नाही. भारतीय नौदलाने २ सप्टेंबर २०२२ रोजी नवे निशाण घेतले. त्यातील अष्टकोन शिवाजी महाराजांच्या मुद्रेवरून घेतला असून मध्ये नांगर आहे. तेथे तो खंबीरपणाची खूण म्हणून शोभतो. परंतु प्रतिकृती करणारा जेव्हा खऱ्या नांगराऐवजी हे चिन्ह समोर ठेवून नांगर कापतो, तेव्हा तो चित्राची प्रतिकृती करतो आणि म्हणतो ही नांगराची. तयार पेट्यांतून मिळणाऱ्या जहाजांचे काही नांगर मी पाहिले आहेत. एकाच साच्यातून काढलेले, बिस्किटासारखे सपाट, आडकाठी आणि हात एकाच पातळीत. दिसते तसे नसते म्हणून जग फसते, ही म्हण जणू त्यांच्यासाठीच झाली.

चिन्हाची आणखी एक गंमत सांगते. इंग्लंडच्या आरमारप्रमुखांच्या मुद्रेवर शतकानुशतके जो नांगर आहे, त्याच्या अंगाभोवती दोर गुंडाळलेला आहे. दिसायला तो फार ऐटदार दिसतो. पण खऱ्या समुद्रात नांगराला आपलाच दोर गुंडाळला गेला तर ती आपत्ती असते, कारण ओढ लागताच फाळ उपटला जातो. खलाशी ज्याला भितो तेच चिन्ह म्हणून मिरवले गेले. म्हणून म्हणते, प्रतिकृतीवर असा दोर गुंडाळलेला नांगर दिसला की समजावे, करणाऱ्याने शिक्का पाहिला होता, जहाज पाहिले नव्हते.

दुसरा आक्षेप काळाचा आहे, आणि तो अधिक मोठा आहे. नांगर एका दिवसात घडला नाही. सुरुवात दगडापासून झाली. तुर्कस्तानच्या किनाऱ्याजवळ उलूबुरून येथे १९८२ साली एका बुडालेल्या जहाजाचा शोध लागला. ते इसवी सनापूर्वी चौदाव्या शतकाच्या अखेरीचे. त्यावर २४ दगडी नांगर सापडले. आज एका जहाजावर २४ नांगर ऐकून आश्चर्य वाटते, पण दगड खडकात अडकला की दोर कापून सोडून द्यावा लागे. ऑनर फ्रॉस्ट या ब्रिटिश विदुषीने या साध्या दिसणाऱ्या दगडांचा आयुष्यभर अभ्यास केला. बिब्लोस, उगारित आणि सायप्रसमधील कितिओन येथील देवळांतही असे दगड वाहिलेले सापडले आहेत. काहींना वर एकच भोक, दोरासाठी. काहींना वर एक आणि खाली दोन. खालच्या भोकांत लाकडी खुंट्या ठोकून त्या वाळूत रुतवायच्या. म्हणजे ज्याला आपण नुसता धोंडा म्हणू, त्यालाही फाळ होते.

यानंतर लाकडी नांगर आला. इस्राएलमध्ये राहणाऱ्या वाचकांना त्याचा उत्तम नमुना जवळच आहे. हैफाच्या दक्षिणेस मआगन मिखाएल या किबुत्सच्या किनाऱ्यालगत, उथळ पाण्यात, १९८५ साली एका जहाजाचे अवशेष दिसले. हैफा विद्यापीठाचे एलिशा लिंडर यांच्या देखरेखीखाली १९८८ आणि १९८९ साली ते वर काढण्यात आले. जहाज सुमारे २४०० वर्षांपूर्वीचे. त्याचे लाकूड अनेक वर्षे पॉलिएथिलीन ग्लायकॉलच्या द्रावणात बुडवून टिकाऊ केले गेले. (या कुळातले द्रव्य आम्ही परिचारिका वेगळ्याच कामासाठी ओळखतो, बद्धकोष्ठाच्या रोग्यांना ते देत असू.) आज हे जहाज हैफा विद्यापीठाच्या हेख्त संग्रहालयात उभे आहे. त्याच्याबरोबर मिळालेला नांगर लाकडाचा आहे, त्याला हात एकच आहे आणि आडकाठीत शिसे ओतलेले आहे. मृत समुद्राचे पाणी ओसरत गेले तसे एन-गेदीजवळही दोन लाकडी नांगर उघडे पडले, एक सुमारे २५०० वर्षांचा आणि दुसरा सुमारे २००० वर्षांचा. खाऱ्या पाण्याने त्यांचे दोरसुद्धा राखले.

येथे थांबून एक गोष्ट ध्यानात घ्यावी, कारण माझ्या परीक्षणाचा अर्धा भार तिच्यावर आहे. लाकूड पाण्यावर तरंगते. म्हणून लाकडी नांगर बुडवायला जड आडकाठी लागे, आणि ती दगडाची किंवा शिशाची करत. पुढे नांगराचे अंग लोखंडाचे झाले, तेव्हा बुडण्याची चिंता मिटली, आणि आडकाठी लाकडाची झाली. सतराव्या-अठराव्या शतकातल्या मोठ्या युरोपीय जहाजांवर ती ओकच्या दोन तुळया जोडून, वर लोखंडी पट्टे ठोकून करत, आणि तिची लांबी साधारण दांड्याएवढी असे. म्हणजे प्राचीन नांगर लाकडाचा आणि त्याची आडकाठी धातूची. नंतरचा नांगर लोखंडाचा आणि आडकाठी लाकडाची. जड आणि हलके यांची अदलाबदल झाली. प्राचीन जहाजाच्या प्रतिकृतीवर काळे हात आणि तपकिरी आडकाठी रंगवलेली दिसली, तर करणाऱ्याने नांगर उलटा समजून घेतला, असे निःशंकपणे म्हणावे.

परंतु हा इतिहास जिन्याच्या पायऱ्यांसारखा सरळ चढत गेला, असेही समजू नये. इटलीतील नेमी नावाच्या तळ्यात रोमन सम्राट कॅलिग्युलाची दोन प्रचंड जहाजे बुडालेली होती. १९२८ पासून तळ्याचे पाणी उपसून ती बाहेर काढण्यात आली. त्यांच्याबरोबर दोन नांगर मिळाले. एक लाकडाचा, शिशाच्या आडकाठीचा. दुसरा लोखंडाचा, वरून लाकडाने मढवलेला, आणि त्याची आडकाठी काढता-घालता येणारी. ही सोय युरोपात पुढे अठराव्या-एकोणिसाव्या शतकात नवीन म्हणून नावाजली गेली. इंग्लंडच्या आरमाराचा १८४१ सालचा जो प्रसिद्ध नमुना, ज्याचे चित्र आपण सर्वत्र पाहतो, त्याच्याही अठराशे वर्षे आधी ती कोणाला तरी सुचली होती. म्हणून ‘जुने ते ओबडधोबड’ असे धरून प्रतिकृतीवर कसाही नांगर बसवणे हा जुन्या कारागिरांवर अन्याय आहे.

त्या १८४१ च्या नमुन्याविषयीही दोन शब्द. त्यापूर्वीच्या इंग्रजी नांगराचे हात सरळ असत, आणि दोन्ही हात दांड्याला जेथे जोडत तो सांधा कच्चा राही. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी प्लिमथ गोदीतले रिचर्ड पेरिंग यांनी हात कमानीसारखे वळवून घडवण्याची पद्धत आणली आणि तो सांधा मजबूत झाला. म्हणजे नांगराचे हात सरळ की कमानदार, एवढ्यावरून इंग्रजी जहाज शंभर वर्षे पुढचे की मागचे ते सांगता येते. आडकाठी नसलेले आजच्या जहाजांचे नांगर हे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आले. प्रतिकृती करणाऱ्याला हे सर्व माहीत असेलच असे नाही, पण ज्या शतकाचे जहाज करतो त्या शतकाचा नांगर शोधणे एवढे तरी त्याच्याकडून मागता येते.

तिसरा आक्षेप प्रमाणाचा. नेमीच्या संग्रहालयात आज त्या दोन जहाजांच्या प्रतिकृती आहेत, मूळच्या एक-पंचमांश. लांबी एक-पंचमांश झाली म्हणजे वजनही एक-पंचमांश झाले, असे पुष्कळांना वाटते. ते तसे नाही. लांबी, रुंदी आणि जाडी तिन्ही पाचपट कमी होतात, म्हणून वजन १२५ पट कमी होते. नेमीचा लोखंडी नांगर ४१७ किलोचा होता. एक-पंचमांश प्रतिकृतीत तो सव्वातीन किलोच्या थोडा वर येईल. एक-पन्नासांश प्रतिकृतीत तर तो ३.३ ग्रॅम भरेल, म्हणजे चहाच्या चमचाभर साखरेपेक्षाही कमी. आमच्या धंद्यात ही चूक जिवावर बेतते. तीन फुटी मूल सहा फुटी माणसाच्या उंचीने निम्मे असते, पण त्याला औषधाचा निम्मा डोस कोणी देत नाही. मूल तोलून डोस ठरवतात. प्रतिकृती करणाऱ्यानेही कात्री हातात घेण्यापूर्वी हिशेब करावा. सहा सेंटिमीटरचा नांगर वीस सेंटिमीटरच्या जहाजाला लावला, तर मूळच्या वीस मीटरच्या जहाजावर सहा मीटरचा नांगर झाला. नाकापेक्षा मोती जड!

दोराचेही तसेच, फक्त उलट. नांगर फार मोठा करतात आणि दोर फार बारीक. ‘व्हिक्टरी’ या इंग्रजी युद्धनौकेचा, जी आजही पोर्ट्समथला आहे, मोठ्या नांगराचा ताग्याचा दोर २४ इंच घेराचा होता, म्हणजे धट्ट्याकट्ट्या माणसाच्या मांडीएवढा. एक-पन्नासांश प्रमाणात तो सुमारे चार मिलिमीटर जाड हवा. त्या जागी शिवणाचा धागा लावला तर मूळच्या प्रमाणात तो दोन सेंटिमीटरचा झाला. तेवढ्या दोराने विहिरीतून कळशी काढता येईल, युद्धनौका धरता येणार नाही.

आणि तो दोर जहाजापासून नांगरापर्यंत ताठ, सरळ खाली सोडलेला दाखवतात, हा चौथा आक्षेप. नांगर धरतो तेव्हा त्याच्यावरची ओढ जवळजवळ आडवी असावी लागते. म्हणून पाण्याच्या खोलीच्या पाच-सात पट दोर सोडतात. दोर सरळ उभा केला की फाळ सुटतो. नांगर उचलायचा असतो तेव्हा खलाशी मुद्दाम तेच करतात. मोडलेल्या पायाला वजन लावून ताण देण्याची इस्पितळातली पद्धत ज्यांनी पाहिली असेल त्यांना हे चटकन पटेल. वजन कितीही बरोबर असले तरी दोरीची दिशा चुकली की हाड जागेवर येत नाही. नवख्या परिचारिकेला मी आधी दोरीची रेषा पाहायला शिकवीत असे, वजन मग. ज्या प्रतिकृतीत नांगर समुद्रतळावर टाकलेला दाखवला आहे, तिच्यातही आधी दोराची रेषा पाहावी.

आता आपल्या घरच्या प्रश्नाकडे येते. काही काळापूर्वी आपल्या समाजाच्या एका समारंभात नवगावच्या गलबताची प्रतिकृती मांडली होती. हातभर लांबीची, मेहनतीने केलेली. करणारे गृहस्थ वयोवृद्ध आहेत, त्यांच्या सुतारकामाला मी नमस्कार करते. फळ्यांचे सांधे नखालाही लागत नव्हते. पण पुढच्या दोन्ही बाजूंना काळे, चकचकीत, १८४१ च्या नमुन्याचे लोखंडी नांगर टांगलेले, आणि त्यांना बारीक साखळ्या. माझी नात ती प्रतिकृती बराच वेळ न्याहाळत होती. मग म्हणाली, “सावता, हा तर माझ्या पोहण्याच्या कपड्यावरचा नांगर!” पोरीने एका वाक्यात परीक्षण केले. ती पुढे म्हणाली, “मग आपले लोक चाच्यांच्या वेळी आले का?” तिच्या आईने तिला गप्प केले, परंतु प्रश्न रास्त होता. प्रतिकृतीने तिला तेच सांगितले होते.

आपली परंपरा सांगते की खांदेरी-उंदेरीच्या जवळपास गलबत फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, आणि किनाऱ्याला लागलेली प्रेते नवगावला पुरली. काळ म्हणून इसवी सनापूर्वीचे दुसरे शतक सांगितले जाते. अभ्यासक इतर काळही सुचवतात. त्यांतला कोणताही काळ धरला तरी १८४१ चा नांगर त्यात बसत नाही. साखळीचेही तेच. सीझरने गॉलमधील व्हेनेती लोकांच्या नांगरांना दोरांऐवजी साखळ्या असल्याचे लिहून ठेवले आहे, पण तो अपवाद. जहाजांवर साखळी सर्रास आली ती एकोणिसाव्या शतकात.

मग तेथे कोणता नांगर शोभेल? भूमध्य समुद्राच्या पद्धतीने बांधलेले गलबत मानले तर लाकडाचा, शिशाच्या आडकाठीचा. आपल्या समुद्रावरच्या पद्धतीचे मानले तर दगडाचा. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पाणबुड्या संशोधकांनी द्वारका, बेट द्वारका, तसेच आपल्या कोकणात सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग येथे दगडी नांगर शोधून काढले आहेत. त्यांत तीन भोकांचे त्रिकोणी आहेत, आणि मध्ययुगातले लांब चौकोनी खांबासारखेही आहेत, ज्यांच्या खालच्या चौकोनी भोकांत लाकडी हात बसवत. लहान होडीला दोरीने दगड बांधून सोडणारे कोळी तर आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी रेवदंड्याला, अलिबागला पाहिले आहेत.

काही जण म्हणतील, एवढी काटेकोरपणाची काय गरज? ही मुलांना दाखवायची वस्तू, हे काय संग्रहालय आहे? भावना महत्त्वाची. या म्हणण्याला मी नेमीच्याच गोष्टीने उत्तर देते. कॅलिग्युलाची ती दोन जहाजे दोन हजार वर्षे तळ्याच्या गाळात टिकली, आणि ३१ मे १९४४ च्या रात्री युद्धाच्या धामधुमीत संग्रहालयाला आग लागून राख झाली. आता जहाजे नाहीत. मोजमापे, नकाशे आणि एक-पंचमांश प्रतिकृती आहेत. त्या करणाऱ्यांनी ‘भावना महत्त्वाची’ म्हणून मापे सैल सोडली असती तर आज काय उरले असते? मूळ वस्तू गेली की प्रतिकृतीच साक्षीदार होते. आणि आपल्या गलबताची तर एक फळीही आपल्यापाशी नाही. परदेशात जन्मलेल्या नातवंडांनी नवगाव पाहिलेले नाही, समुद्रातून दिसणारे खांदेरीचे खडक पाहिलेले नाहीत. त्यांच्यासमोर मेजावर ठेवलेले ते हातभर लाकूड, एवढीच त्यांच्यासाठी आपल्या आगमनाची साक्ष. साक्षीदार एका बारीक गोष्टीत खोटा ठरला की मोठ्या गोष्टीतही त्याच्यावर विश्वास बसत नाही, हे न्यायालयात जाऊन आलेला कोणीही सांगेल. आमची कथा खरी नाही असे म्हणणारे काही कमी नाहीत. त्यांच्या हाती आपण होऊन चकचकीत नांगर का द्यावा?

आणखी एक विचार मनात येतो. खडकाळ तळावर फाळ रुतत नाही. वादळात सापडलेल्या त्या खलाशांनी नांगर टाकला असणार. दुसरे काय करणार? तो धरला असता तर गलबत फुटले नसते, आणि चौदा जण नवगावला पोहोचले नसते. त्या कथेत नांगर सुटलेला किंवा तुटलेला आहे. प्रतिकृतीत मात्र दोन्ही नांगर नीट पुसून, जागच्या जागी टांगलेले. जणू गलबत मुंबईच्या गोदीतून नुकतेच निघाले आहे आणि संध्याकाळी परत येणार आहे. एका बाजूचा नांगर नाहीसा, आणि तुटका दोर लोंबतो आहे, एवढेच दाखवले असते तरी पाहणाऱ्याच्या पोटात कालवले असते. कारागिराला तेवढे करायला अर्धा तासही लागला नसता.

माझी सूचना साधी आहे. पुढच्या समारंभापूर्वी ते लोखंडी नांगर उतरवावेत. त्यांच्या जागी एका बाजूला शाडूचा किंवा खऱ्या दगडाचा, तीन भोकांचा नांगर लावावा आणि खालच्या भोकांत बाभळीच्या खुंट्या बसवाव्यात. दुसऱ्या बाजूला लाकडी नांगर असेल तर त्याची आडकाठी शिशाच्या रंगाची आणि हातांशी काटकोनात असावी. दोर काथ्याचा, पुरेसा जाड. साखळी नको. आणि शेजारी मराठी, हिब्रू व इंग्रजी अशा तिन्ही भाषांत एक पाटी असावी, की गलबताचा अवशेष उपलब्ध नाही, ही रचना त्या काळातील इतर जहाजांवरून तर्काने केली आहे. अशी पाटी लावण्यात कमीपणा नाही. रोग्याच्या तक्त्यावर आम्ही जे मोजले ते मोजले म्हणून लिहितो आणि जे अंदाजाने ते अंदाज म्हणून. डॉक्टर त्या तक्त्यावर भरवसा ठेवतात तो त्यामुळेच.

हैफाच्या लोकांनी मआगन मिखाएलच्या जहाजाची पूर्ण आकाराची प्रतिकृती जुन्या पद्धतीने बांधली, २०१७ साली ती पाण्यात उतरवली, आणि २०१८ साली तिने सायप्रसपर्यंत प्रवास केला. आपल्याला एवढे मोठे काम झेपणारे नाही, आणि तशी आवश्यकताही नाही. हातभर गलबत आणि बोटभर नांगर, एवढेच आपल्या हाती आहे. ज्यांच्या घरी असे गलबत असेल त्यांनी आज संध्याकाळी ते कपाटातून काढून त्याची आडकाठी कोणत्या दिशेला आहे तेवढे पाहावे. हातांच्या पातळीत असेल तर थोडा डिंक, एक पक्कड आणि दहा मिनिटे पुरेत. नातवंडांना शेजारी बसवून करावे. वर सांगितलेली वाळूची परातही तयार ठेवावी.